आशाताईंच्या वहीपासून पीएचडीपर्यंत : आरोग्याचा हिशोब मांडणारं हे करिअर आहे तरी काय?

गावात एखादी बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की तिसऱ्या दिवशी आशाताई दारात हजर. मग सातव्या दिवशी, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि शेवटी बेचाळिसाव्या दिवशी. बाळाला झोळीत घालून वजन करायचं, ताप बघायचा, आईला चार प्रश्न विचारायचे आणि सगळं वहीत लिहून घ्यायचं. आता आपल्याला त्याचं काही विशेष वाटत नाही.

पण घरी जाऊन बाळ तपासल्याने खरंच बाळं वाचतात, हे सिद्ध कुणी केलं? आणि त्यासाठी देशभर पैसा खर्च करायला हरकत नाही, हे सरकारला पटवलं कुणी?

याचं मूळ दिल्लीतल्या एखाद्या ऑफिसात नाही, आपल्याच राज्यातल्या गडचिरोली जिल्ह्यातल्या खेड्यांत आहे. आणि त्यामागे जसे डॉक्टर होते, तसे दोन विषयही होते. एक म्हणजे वैद्यकीय संख्याशास्त्र आणि दुसरा आरोग्य अर्थशास्त्र.

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे चर्चा ठरलेली असते. पोलीस भरती, एमपीएससी, नर्सिंग, डीएड, आयटीआय, नाहीतर नीट. बीएस्सीला संख्याशास्त्र किंवा बीएला अर्थशास्त्र घेतलेल्या पोरापोरींना तर घरचेच विचारतात, "याचं पुढे काय होणार?" त्या प्रश्नाचं एक उत्तर म्हणजे हा लेख. फायदे सांगू, तसे तोटेही सांगू.

आधी साध्या भाषेत : हे दोन विषय काय आहेत?

समजा गावात तापाची साथ आली. एक डॉक्टर म्हणतात, "माझ्या गोळीने तीन दिवसांत ताप उतरतो." गावातले दहा जणही तेच सांगतात. पण साधा विषाणूचा ताप बऱ्याचदा गोळी न घेताही तीन-चार दिवसांत उतरतो. मग गुण गोळीचा की दिवसांचा? हे ओळखायचं असेल तर गोळी घेतलेले आणि न घेतलेले असे दोन गट हवेत. दोन्ही गटांतली माणसं सारखीच हवीत. किती माणसं घ्यायची, कुणाला कोणत्या गटात टाकायचं, आणि दिसलेला फरक खरा की निव्वळ योगायोगाचा, हे ठरवणारं शास्त्र म्हणजे वैद्यकीय संख्याशास्त्र. इंग्रजीत त्याला बायोस्टॅटिस्टिक्स म्हणतात.

आता दुसरा विषय. समजा तालुक्याच्या आरोग्यासाठी ५० लाख रुपये आले. एक जण म्हणतो, ग्रामीण रुग्णालयात नवं मशीन घ्या. दुसरा म्हणतो, आणखी एक रुग्णवाहिका घ्या. तिसरा म्हणतो, गरोदर बायकांच्या तपासण्या वाढवा. तिन्ही गोष्टी चांगल्याच. पण पैसा एकच आहे. कुठे घातला तर जास्त माणसं वाचतील, कुणाचं दुखणं कमी होईल, गरिबाच्या खिशाला कमी चाट बसेल, याचा हिशोब मांडतं ते आरोग्य अर्थशास्त्र.

या विषयाचा पाया घालणारा लेख अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की दवाखान्याचा बाजार हा भाजीबाजारासारखा नसतो. भाजी घेताना आपण चार ठिकाणी भाव विचारतो, वांगं दाबून बघतो. आजारी पडल्यावर मात्र कोणती तपासणी लागते आणि कोणती नाही, हे आपल्याला कळत नाही. समोरचा सांगेल ते ऐकावं लागतं. ज्याच्या घरातलं माणूस कधी आयसीयूत होतं, त्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

शितावरून भाताची परीक्षा

"नऊशे घरांना विचारून अख्ख्या जिल्ह्याचं कसं सांगता?" हा प्रश्न हमखास येतो. उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. भात शिजला का ते बघायला आपण पातेलं रिकामं करत नाही, शीत दाबून बघतो. पण एक अट आहे. शीत फक्त वरचंच घेतलं तर खालचा भात करपलाय की कच्चा आहे, ते कळणार नाही. म्हणजे शीत कुठूनही, आपली आवडनिवड न ठेवता उचललं पाहिजे.

शेतकऱ्यांना हाच प्रकार दुसऱ्या नावाने माहीत आहे : पीक कापणी प्रयोग. मंडळातली काही शेतं चिठ्ठी काढल्यासारखी निवडायची, त्यात ठरावीक मापाचा चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापून वजन करायचं आणि त्यावरून मंडळाचं उत्पन्न काढायचं. पीक विम्याच्या वेळी यावरून किती वाद होतात ते आपण बघतोच. शेतं नीट निवडली नाहीत, किंवा चौकोन सोयीच्या जागी टाकला, तर सगळाच हिशोब फसतो. आरोग्याच्या सर्वेक्षणालाही हेच लागू पडतं.

भारतात पीक कापणी प्रयोगाला शास्त्रीय बैठक देणाऱ्यांत एक ठळक नाव आहे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचं. त्यांचा जन्म १९११ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातल्या बुध या गावचा. वडील प्राथमिक शिक्षक. सुखात्मे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले, तिथून लंडनला गेले आणि १९३६ मध्ये संख्याशास्त्रात पीएचडी झाले. देशात परतल्यावर शेतीच्या आकडेवारीचं मोठं काम उभं केलं. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि जगात उपाशी माणसं किती, हे मोजण्याच्या कामात त्यांनी आयुष्य घातलं. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर पुण्यात येऊनही त्यांनी आहार आणि कुपोषण यांवरचं संशोधन सुरूच ठेवलं.

खटावसारख्या दुष्काळी तालुक्यातल्या मास्तरांचा मुलगा शेतातलं पीक मोजण्यापासून माणसाची भूक मोजण्यापर्यंत गेला, तो संख्याशास्त्राच्या जोरावर.

गडचिरोलीत नेमकं काय झालं?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत १९९० च्या दशकात एक प्रयोग केला. ३९ गावं निवडली. तिथल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास अडकला तर काय करायचं, जंतुसंसर्गाची लक्षणं कशी ओळखायची आणि गरज पडल्यास इंजेक्शन कसं द्यायचं, हे सगळं त्या शिकल्या.

पण यातला कळीचा भाग वेगळाच आहे. संस्थेने आणखी ४७ गावं निवडली, जिथे ही घरगुती सेवा सुरू केली नाही. तिथे नेहमीच्या सरकारी सेवा होत्या तशाच होत्या, फक्त जन्म आणि मृत्यूची नोंद काटेकोर ठेवली. का? कारण काळ पुढे जातो तसे रस्ते होतात, गाड्या येतात, लोक शिकतात, आणि बाळांचे मृत्यू आपसूकही थोडे कमी होतात. ती आपोआपची घट वजा केल्याशिवाय आपल्या कामाने किती फरक पडला ते सांगता येत नाही. तापाच्या गोळीच्या उदाहरणात दुसरा गट लागला, तसाच इथे लागला.

निकाल १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात आला. दुसऱ्या गावांशी तुलना करता सेवा दिलेल्या गावांमध्ये नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले होते.

आणि त्याच लेखात हिशोबही होता. एका बाळामागे खर्च आला ५.३ डॉलर. दर १८ बाळांची काळजी घेतल्यावर एक मृत्यू टळला. गुणाकार तुम्हीच करा : साधारण ९५ डॉलरमध्ये एक जीव वाचला.

आता विचार करा. "आमच्या कामाने खूप फायदा झाला," असं नुसतं सांगितलं असतं तर सरकारदरबारी कुणी ऐकलं असतं का? ६२ टक्के हा आकडा संख्याशास्त्राने दिला, ५.३ डॉलर हा आकडा अर्थशास्त्राने दिला. २०११ मध्ये आशांमार्फत नवजात बाळाच्या घरभेटींचा कार्यक्रम देशभर सुरू झाला, त्यामागे हे काम आहे. आपल्या दारात येणाऱ्या आशाताईंच्या हातातली वही त्याच धाग्याने गडचिरोलीशी बांधलेली आहे.

खिशातल्या पैशाचा हिशोब

दवाखान्याने घरं बुडतात, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. कुणी म्हैस विकली, कुणी सोनं गहाण टाकलं, कुणी सावकाराकडे गेलं. पण "लोक बुडतात" एवढं म्हणून धोरण बदलत नाही. किती लोक, किती रुपयांनी, कोणत्या आजारात, हे सांगावं लागतं.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात २०१७-१८ मध्ये हे विचारलं गेलं. ग्रामीण भारतात एकदा ॲडमिट व्हावं लागलं (बाळंतपण सोडून) तर सरकारी दवाखान्यात सरासरी ४,२९० रुपये लागत होते आणि खासगीत २७,३४७ रुपये. म्हणजे सहापटीहून जास्त. आणि सरकारी दवाखान्यातही खर्च शून्य नव्हता, हेही लक्षात घ्या.

देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोक थेट स्वतःच्या खिशातून किती देतात, याचाही हिशोब निघतो. २०१३-१४ मध्ये हा वाटा ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के झाला. घट मोठी आहे. पण ती कशामुळे झाली, सगळ्यांना सारखी मिळाली का, की काही लोकांनी परवडत नाही म्हणून दवाखान्यात जाणंच सोडलं, हे शोधणं म्हणजेच आरोग्य अर्थशास्त्राचं संशोधन.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांमुळे आता ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळू शकतात. पण दवाखाने बऱ्याचदा म्हणतात, "या पॅकेजमध्ये परवडत नाही." हे खरं की खोटं? एका ऑपरेशनला डॉक्टर, नर्स, औषधं, वीज, खाट, मशीनची झीज असं सगळं धरून खरा खर्च किती येतो, हे मोजावं लागतं. चंदीगडच्या पीजीआय संस्थेच्या पुढाकाराने देशातल्या अनेक दवाखान्यांत असा अभ्यास झाला आणि पॅकेजचे दर सुधारताना त्याचा आधार घेतला गेला. कमी दर ठेवला तर दवाखाना पेशंटला परत पाठवतो, जास्त ठेवला तर सरकारचा पैसा वाया जातो. मधला योग्य आकडा काढणं हे जबाबदारीचं काम आहे.

नवीन औषध किंवा नवीन यंत्र सरकारने घ्यावं की नाही हे तपासण्यासाठी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१७ मध्ये 'हेल्थ टेक्नॉलॉजी असेसमेंट इन इंडिया' ही यंत्रणा उभी केली. तिथे असा विचार होतो : या उपचाराने माणसाची किती वर्षं वाढली आणि ती वर्षं कशी गेली? धडधाकट काढलेलं एक वर्ष म्हणजे १ धरायचं. अंथरुणाला खिळून काढलेलं वर्ष त्याहून कमी धरायचं. मग अशा एका 'चांगल्या वर्षा'साठी किती रुपये पडले ते काढायचं. ऐकायला रुक्ष वाटतं. पण हिशोब न करता वाटलेला पैसा ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे जातो, आणि खेड्याचा आवाज मोठा नसतो.

दिवसभर काम काय असतं?

पांढरा कोट नाही, रक्त नाही, ऑपरेशन नाही. साधारण असं काम असतं :

• प्रश्न ठरवणं. उदा. मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत असूनही लोक का येत नाहीत?
• किती लोकांना विचारायचं, कसं निवडायचं, हे गणिताने ठरवणं.
• प्रश्नावली तयार करणं. इथे गावाकडची भाषा येणं हा मोठा गुण ठरतो. "तुम्हाला नैराश्य आहे का?" असं विचारलं तर कुणी हो म्हणणार नाही. "जिवाला करमत नाही का, झोप लागत नाही का?" विचारलं तर माणूस बोलतो.
• गावोगाव जाऊन माहिती गोळा करणाऱ्या टीमला शिकवणं आणि तपासणं.
• संगणकावर माहिती साफ करणं. वय २७ च्या जागी २७२ लिहिलेलं असतं, पुरुषाच्या नावापुढे गरोदर लिहिलेलं असतं. निम्मा वेळ यातच जातो म्हटलं तरी चालेल.
• विश्लेषण करणं, लेख लिहिणं, तो मासिकाकडे पाठवणं, त्यावर आलेल्या शंकांना उत्तरं देणं.
• कॉलेजात असाल तर शिकवणं.

हे काम फक्त मुंबई-दिल्लीतच चालतं असं नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरचा ग्रामीण आरोग्य कार्यक्रम आहे. तिथे २००२ पासून २२ गावांतल्या घराघरातल्या जन्म, मृत्यू आणि स्थलांतराची सलग नोंद ठेवली जाते. अशा ठिकाणी गावातल्या शिकलेल्या मुलामुलींना माहिती गोळा करण्यापासून सुरुवात करता येते.

दहावी-बारावीपासून रस्ता कसा?

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची सूचना : गणित सोडू नका. दहावीनंतर गणिताला घाबरून बरेच जण ते टाकून देतात आणि तिथेच हा दरवाजा अर्धा बंद होतो. बारावी सायन्सला फक्त जीवशास्त्र घेऊन गणित सोडलं, तर पुढे बीएस्सी संख्याशास्त्राला प्रवेश मिळणं अवघड जातं. आर्ट्स आणि कॉमर्सलाही गणित व संख्याशास्त्र हा विषय घेता येतो, हे फार जणांना माहीत नसतं.

रस्ता पहिला, संख्याशास्त्राचा : बारावीला गणित, मग बीएस्सी संख्याशास्त्र, मग एमएस्सी संख्याशास्त्र किंवा बायोस्टॅटिस्टिक्स, मग पीएचडी.

रस्ता दुसरा, अर्थशास्त्राचा : बीए किंवा बीएस्सी अर्थशास्त्र, मग एमए किंवा एमएस्सी अर्थशास्त्र, आणि पीएचडीला आरोग्याचा विषय. मात्र आजचं अर्थशास्त्र म्हणजे पाठांतर नाही. त्यात गणित आणि आकडेवारी भरपूर असते, त्याची तयारी ठेवा.

रस्ता तिसरा, दवाखान्याकडून : बीएएमएस, बीडीएस, बीएस्सी नर्सिंग, फार्मसी झालेल्यांना 'मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ' म्हणजे एमपीएच करता येतं. रोजचा पेशंट बघितलेला माणूस आकडे शिकला, की त्याला प्रश्न चांगले सुचतात.

कुठे शिकता येईल?

आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था (आयआयपीएस), देवनार, मुंबई : १९५६ मध्ये सुरू झालेली ही संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करते. लोकसंख्याशास्त्र आणि बायोस्टॅटिस्टिक्सशी संबंधित पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि पीएचडी आहे.

टाटा सामाजिक विज्ञान संस्था (टिस), मुंबई : सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक्रम, त्यात आरोग्य धोरण आणि अर्थशास्त्राकडे वळणारा मार्गही आहे.

गोखले अर्थशास्त्र संस्था, पुणे : १९३० ची संस्था. अर्थशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण आणि सोबत लोकसंख्या संशोधन केंद्र.

विद्यापीठांचे संख्याशास्त्र विभाग : पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, जळगाव, नागपूर, सोलापूर या विद्यापीठांत एमएस्सी संख्याशास्त्र करता येतं. घराजवळचा पर्याय आधी बघा.

भारतीय सांख्यिकी संस्था (आयएसआय), कोलकाता : प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये स्थापन केली. प्रवेश परीक्षा अवघड, पण देशातलं नाव मोठं.

वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि पुदुच्चेरीचं जिपमेर : दोन्हीकडे बायोस्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी आहे.

परदेशात इंग्लंडमधलं यॉर्क विद्यापीठ आणि 'लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन' या विषयांसाठी नावाजलेली आहेत. प्रवेशाच्या तारखा, पात्रता आणि जागा दरवर्षी बदलतात. त्यामुळे व्हॉट्सॲपवर आलेल्या पोस्टवर न जाता संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच खात्री करा.

पैसे किती? खरं सांगायचं तर...

पीएचडीच्या काळात : नेट परीक्षेत जेआरएफ मिळालं तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये, वर नियमाप्रमाणे घरभाडे भत्ता. अर्थशास्त्र आणि लोकसंख्या अभ्यास हे विषय यूजीसी-नेटमध्ये आहेत. संख्याशास्त्रवाल्यांना सीएसआयआर-नेटमध्ये गणितीय विज्ञान हा पेपर द्यावा लागतो.

राज्याच्या संस्था : अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी-भटक्या विमुक्तांसाठी महाज्योती आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी टीआरटीआय. यांच्या संशोधन अधिछात्रवृत्तीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. परदेशी शिक्षणासाठी राज्याच्या शिष्यवृत्त्या आहेत, त्यांतली राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे.

नोकरी लागल्यावर : विद्यापीठात किंवा अनुदानित कॉलेजात कायम सहायक प्राध्यापकाचं सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये, भत्ते वेगळे. औषध कंपन्या आणि डेटा कंपन्यांत संख्याशास्त्रवाल्यांना मागणी असते, पण ते संशोधनापेक्षा वेगळं काम आहे.

आता दुसरी बाजू ऐका

एक, कायम जागा कमी आहेत. सुरुवातीची कामं बहुतेक प्रोजेक्टवरची असतात. प्रोजेक्ट दोन वर्षांचा असेल तर नोकरीही दोन वर्षांची. संपला की पुन्हा अर्ज.

दोन, वेळ लागतो. नियमाप्रमाणे पीएचडी किमान तीन वर्षांची, कमाल सहा वर्षांची. बारावीपासून धरलं तर आठ ते दहा वर्षं. सोबतचा मित्र तोवर भरती होऊन ट्रॅक्टर घेतो. मुलींना तर घरून लग्नाचा लकडा असतो. हे आधीच घरात बोलून घ्या.

तीन, अधिछात्रवृत्तीचे पैसे दर महिन्याला वेळेवर येतीलच असं नाही. चार-सहा महिने तग धरता येईल एवढी सोय हवी.

चार, इंग्रजी लागतंच. पण घाबरायचं कारण नाही. इथे लागतं ते बोलण्याचं फाडफाड इंग्रजी नाही, वाचण्याचं आणि नीट लिहिण्याचं. ते सरावाने येतं.

पाच, फसवणूक. "तीन महिन्यांत क्लिनिकल रिसर्च किंवा बायोस्टॅटिस्टिक्सचं सर्टिफिकेट, १०० टक्के नोकरीची हमी" असं सांगून लाखभर फी मागणाऱ्यांपासून दूर राहा. पैसे भरण्याआधी विद्यापीठाची मान्यता बघा आणि मागच्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांशी स्वतः बोला.

मोबाइलवर आजपासून काय करता येईल?

१. 'राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५' मधलं आपल्या जिल्ह्याचं माहितीपत्रक मोफत मिळतं. ते डाउनलोड करा. २०१९-२१ च्या या सर्वेक्षणात देशभरातल्या ७०७ जिल्ह्यांतली ६ लाख ३६ हजारांवर घरं होती. भागाकार केला की जिल्ह्याला सरासरी नऊशे घरं येतात, ते वर सांगितलेलं शीत हेच.

२. त्यात महिलांच्या रक्तक्षयाची ओळ शोधा. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. आपला जिल्हा वर आहे की खाली? का असेल? हा प्रश्न पडला, की संशोधनाची सुरुवात झाली समजा.

३. 'आर' हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर मोफत आहे. कॉलेजच्या लॅबमधल्या साध्या कॉम्प्युटरवरही चालतं. 'स्वयम' आणि 'एनपीटीईएल'वर मोफत अभ्यासक्रम आहेत. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षा फी लागते.

४. कॉलेजच्या प्रोजेक्टला गावातलाच विषय घ्या. उदा. गेल्या वर्षभरात ॲडमिट झालेल्या घरांनी पैसे कुठून आणले? मात्र माहिती घेताना आधी परवानगी घ्या, नावं लिहू नका, आणि कुणाचं दुखणं चावडीवर बोलू नका. या क्षेत्रातला हा पहिला नियम आहे.

५. पालकांनी एवढंच करावं : मुलगी गणितात बरी असेल तर तिला गणित सोडायला लावू नये.

शेवटी, हे आपल्यासाठी का महत्त्वाचं?

१९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा आणखी एक अभ्यास आला होता. गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रियांचा काही ना काही आजार होता. आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या अवघ्या ८ टक्के.

म्हणजे दुखणं घराघरात होतं. बायका ते अंगावर काढत होत्या. दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये ते नव्हतं, कारण त्या दवाखान्यात गेल्याच नव्हत्या. म्हणून सरकारच्या कागदावरही नव्हतं. कुणीतरी दारात जाऊन विचारलं, तपासलं, मोजलं, तेव्हा ते जगाला दिसलं.

आपल्या तालुक्यातही अशी मोजलेली नाहीत अशी दुखणी असतील. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची, फवारणी करणाऱ्या गड्यांची, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची. आजवर आपण प्रश्नावलीच्या एकाच बाजूला बसलो : बाहेरून कुणी आलं, विचारलं, लिहून नेलं. त्या प्रश्नावलीच्या दुसऱ्या बाजूला आपल्या गावची पोरगी बसली, तर ती वेगळं काहीतरी विचारेल. कारण कुठे दुखतं ते तिला माहीत असेल.

तुमच्या ओळखीत बीएस्सी संख्याशास्त्र, अर्थशास्त्र किंवा नर्सिंग शिकणारं कुणी असेल, तर ही माहिती त्यांच्यापर्यंत नक्की पोहोचवा.